बिल्टीवर दोन नावं लिहा : सोलापूरच्या ट्रान्सपोर्टर आणि गाडीमालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातले ट्रान्सपोर्टर, गाडीमालक आणि त्यांना माल देणारे कारखानदार-व्यापारी यांस
(प्रत माहितीसाठी : परिवहन कार्यालय, सोलापूर)

स. न. वि. वि.

नवरा-बायको दोघंही हेवी लायसन्स काढून एकाच गाडीवर लांबच्या लाईनला जायचं म्हणतात, तेव्हा तुमच्याकडून सहसा दोनपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं : “बाईमाणूस गाडीवर नको, उद्या काही झालं तर निस्तरणार कोण?” दुसरं : “या की! ड्रायव्हर दोन, भत्ता एक.” पहिल्या उत्तरावर आम्ही शाई घालवत नाही. २०२३ मध्ये एसटीच्या स्टेअरिंगवर बायका बसल्या आणि प्रवासी तिकीट काढून निवांत बसून गेले. भोपाळच्या योगिता रघुवंशी वकिलीची पदवी गाठीशी असताना कित्येक वर्षं ट्रक घेऊन राज्याराज्यांतून हिंडल्या आहेत. आमची चिंता दुसऱ्या उत्तराची आहे. त्यात जोडीचं स्वागत आहे, पण बायको हिशेबात कुठंच नाही. आणि ती हिशेबात नसली की गाडी, माल आणि दोन जीव एकदमच धोक्यात येतात.

आमच्यात ड्रायव्हिंग शिकवणारे आहेत, गॅरेजवाले आहेत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खतावणी लिहिणारे आहेत. जोडी दारात आली तर तिला काय विचारावं, कुठल्या मालावर लावावं, मालासोबतच्या कागदावर, म्हणजे बिल्टीवर, काय असावं, हे एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा प्रपंच.

आधी फायद्याचं बोलू, कारण फायदा खरा आहे. माल भरलेली दहाचाकी टोल, जेवण, गर्दी धरून ताशी ४०-४५ किलोमीटरची सरासरी काढते. सोलापूर ते दिल्ली साधारण १६०० किलोमीटर, म्हणजे ३६ ते ४० तासांची स्टेअरिंग. एकटा ड्रायव्हर रोज १० तास चालवेल तर चौथ्या दिवशी पोचतो. दोघांनी रोज ९-९ तास चालवलं तर दोन-सव्वादोन दिवसांत माल उतरतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि सीटमागे एकाला आडवं होता येईल अशी जागा असावी, अशी अट केंद्रीय नियमांत बराच काळ होती; पुढे ती शिथिल झाली आणि दुसऱ्या ड्रायव्हरची जागा सगळीकडे क्लीनरनं घेतली. जोडी म्हणजे ती जुनी दोन ड्रायव्हरांची पद्धत परत येणं आहे. एवढंच की हे दोघं भत्त्यावरून, जेवणावरून, घरी कधी जायचं यावरून तुमच्या ऑफिसात येऊन भांडणार नाहीत. भांडलेच तर केबिनमध्ये भांडतील.

आता या हिशेबातली गफलत. दोन लायसन्स म्हणजे गाडी चोवीस तास पळणार, असं गणित बरेच जण मांडतात. चालत्या ट्रकमध्ये घेतलेली झोप ही अर्धी झोप असते. पाटे उडतात, हॉर्न वाजतात, प्रत्येक स्पीडब्रेकरला जाग येते. अमेरिकेत नवरा-बायकोच्या जोड्या ही जुनी पद्धत आहे. तिथंही सलग १० तास सुट्टीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवायचं, असा नियम प्रत्येकाला वेगळा लागतो; विश्रांतीचे दोन तुकडे केले तर त्यातला एक किमान ७ तासांचा आणि केबिनमधल्या झोपायच्या बर्थवरच काढावा लागतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची चौकट आखली, लांबच्या फेरीला १० आणि ५४ पर्यंत मुभा दिली, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा सांगितला. पण स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या जोडीचे तास मोजायला कुणी येत नाही. ते मोजायचं काम डिलिव्हरीची वेळ ठरवणाऱ्या माणसाचं आहे, म्हणजे तुमचं. नव्या जोडीला पहिले सहा महिने रात्री २ ते ५ गाडी उभी करायला सांगा आणि तीन तास धरूनच पोचायची वेळ द्या. पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतंच. त्याला चहा, तंबाखू, गाणी यांचा इलाज चालत नाही. सहा महिन्यांनंतर कोण रात्री जागू शकतं आणि कोण पहाटे ताजं उठतं, ते दोघांनाच कळलेलं असतं. मग १० ते २ एकानं आणि २ ते ६ दुसऱ्यानं असं कायमचं वाटून घ्यावं. रोज पाळ्या बदलल्या तर दोघांचीही झोप बिघडते.

घाटात दुसऱ्यानं बर्थवर झोपू नये. बहुतेक गाड्यांत बर्थला पट्टा नसतो. जोराचा ब्रेक लागला की झोपलेला माणूस सरळ डॅशबोर्डवर येतो.

लायसन्सचा कालावधी आणि हप्त्याची घाई

सगळ्यात महाग पडणारी चूक गाडी रस्त्यावर यायच्या आधीच होते. नवऱ्याकडं हेवी लायसन्स असतं, बायकोचं “काढून घेऊ” म्हणतात आणि गाडी बुक करतात. कायद्याचा क्रम असा आहे. मालवाहू गाडी चालवायला वय २० पूर्ण हवं. ट्रान्सपोर्ट वाहनाचं लर्निंग मिळण्याआधी हलक्या मोटारीचं पक्कं लायसन्स हातात येऊन एक वर्ष व्हावं लागतं. लर्निंग काढल्यावर परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते, आणि लर्निंगची मुदत सहा महिने. म्हणजे ज्या बाईनं अजून स्कूटीच चालवली आहे, तिला पहिल्या लर्निंगपासून हेवी लायसन्सपर्यंत सगळं वेळेवर झालं तरी चौदा महिने धरा. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, त्यामुळं शिक्षणासाठी कुणाला परत पाठवू नका. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरचा नमुना १-ए आणि ट्रेनिंग स्कूलचा नमुना ५ लागतो. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. दोघांचं एकाच महिन्यात संपत असेल तर एकाचं मुदतीआधीच नूतनीकरण करून घ्यावं, म्हणजे गाडी दारात उभी राहत नाही.

तेवढ्या काळात हप्ते चालू झालेले असतात. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं धरा : महिन्याला सुमारे ६४,५०० रुपये. हा आकडा जोडीसमोर ठेवा आणि विचारा, चौदा महिने एकट्याच्या स्टेअरिंगवर हा निघेल का? नाही निघत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : पहिलं वर्ष जोडीनं दुसऱ्याच्या गाडीवर पगारानं काढावं. त्यातून बायकोचा हात बसतो, कुठल्या लाईनला परतीचं भाडं मिळतं ते कळतं, आणि दोघांना हे काम झेपत नसेल तर गाडी विकायची पाळी येत नाही.

साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची मालगाडी हलक्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. मधलं वर्ष वाया जाऊ नये म्हणून याचा उपयोग होतो. सोलापुरातून पंढरपूर, बार्शी, तुळजापूर, अक्कलकोट अशा छोट्या खेपा बायकोला लहान टेम्पोवर करू द्या. आरसा बघून रिव्हर्स घेणं, लोड असताना ब्रेकचं अंतर ओळखणं, बिल्टी आणि पोच सांभाळणं, हे सगळं तिथंच शिकून होतं.

मान्यताप्राप्त केंद्रांत हेवीचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांचा आहे. तो चांगला आहे, पण त्यातून मोकळी गाडी हाताळायला येते. १८ टन माल घेऊन उतार उतरायला वेगळी सवय लागते. शिकवणाऱ्यांना आमची विनंती : शेवटचे दोन-तीन दिवस तरी भरलेल्या गाडीवर शिकवा. आणि नवऱ्यानं बायकोला शिकवू नये. शिकवताना आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजाखाली कुणाला क्लच सापडत नाही.

पहिला माल कुठला

इथं तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

होटगी परिसरातल्या सिमेंट कारखान्यांतून माल उचलणं सुरुवातीला चांगलं. अंतर थोडं, वजन पक्कं, मुक्काम नाही. दहाचाकीचं एकूण वजन २८ टनांच्या आसपास, त्यात माल साधारण १८ ते १९ टन, म्हणजे ५० किलोच्या ३६० ते ३८० गोण्या. हौद्याची फळी कोरडी आहे का ते आधी हात लावून बघायचं. रात्री दव पडलेल्या फळीवर रचलेल्या खालच्या थराचे दगड होतात. गाडी गेटवर रांगेत तासन् तास उभी असते, तेवढ्या वेळात दोघांनी मिळून ताडपत्री बांधायचा सराव करावा. ताडपत्री पुढून मागे ओढायची, पुढची झालर खाली राहिली पाहिजे, म्हणजे वारा आत शिरून तिला फुगवत नाही. दोर एकानं ओढायचा आणि दुसऱ्यानं हुकावर अडकवायचा. वर चढलेल्यानं दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही.

दुसरा टप्पा चादरी आणि टॉवेलच्या गाठींचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून हैदराबाद ३०० किलोमीटरच्या आसपास, बंगळुरू विजयपूरमार्गे सहाशेच्या थोडं वर. हा माल हलका आणि घेरानं मोठा, त्यामुळं ब्रेकवर ताण कमी, पण उंच भरला तर वळणावर गाडी झुकते. खरेदीदाराचं गोदाम ठरावीक वेळेलाच उघडतं, तेव्हा रात्र जागून पोचण्यात काही हशील नाही. नव्या जोडीला हाच माल द्या.

कांदा शेवटी. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात आवक चढते, आडत्याला माल सकाळच्या लिलावाआधी पोचवायचा असतो, आणि प्रत्येक फोनमध्ये “कुठवर आलात?” एवढाच प्रश्न असतो. शिवाय कांद्याला हवा लागते. ताडपत्री बाजूंनी घट्ट आवळली की आत वाफ धरते आणि खालच्या पिशव्या सडतात, मोकळी सोडली आणि पाऊस आला तरी तेच. घट किती धरायची यावरून उतरवताना वाद होतो आणि तो वाद ड्रायव्हरच्या गळ्यात पडतो. घाई, रात्र आणि वाद या तिन्ही गोष्टी नवख्या जोडीला एकाच खेपेत देऊ नयेत. सळई, ॲसिड, गॅस यांचं तर नावच नको. ॲसिड-गॅससारख्या धोक्याच्या मालाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर नोंद लागते, आणि ती दोघांच्याही लायसन्सवर हवी. एकाच्याच नोंदीवर दुसऱ्यानं स्टेअरिंग धरलं तर विमा कंपनीला तेवढंच कारण पुरतं.

वजनकाट्यावरून निघताना पावती बायकोच्या नावानं फाडा म्हणत नाही, पण ती तिनंही वाचावी. जादा वजनाचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. “दोन टन चालतंय” म्हणणारा मुनीम त्या वेळी फोन उचलत नाही.

गाडीवर दोघांना काय यायला हवं

क्लीनर नसतो, हे जोडीच्या गाडीचं मुख्य वेगळेपण. क्लीनरची कामं वाटून घ्यावी लागतात, आणि ती दोघांनाही आली पाहिजेत, कारण एक झोपलेला असतानाच काहीतरी बिघडतं.

चाकाचं बघा. रिमसकट टायर शंभर किलोच्या आसपास भरतो. तो उचलायचा नसतोच. गाडी सपाट, टणक जागेवर, हँडब्रेक लावलेला, पुढच्या-मागच्या चाकांना ओट, म्हणजे पाचर, लावलेला. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करायचे. जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलं की माणूस घट्टच करत बसतो. २० टनी बाटली जॅक अॅक्सलखाली, जॅकखाली लाकडी ठोकळा. नवा टायर जमिनीवर लोळवत आणायचा, त्याच्याखाली पहार घालून ती लिव्हरसारखी दाबायची, म्हणजे दोन इंच वर येतो आणि बोल्टांवर सरकतो. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही. घट्टपणा साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतो. पान्याला चार फुटी पाइप घातला आणि टोकाला ५० किलोचा भार दिला की तेवढा ताण येतो. त्यामुळं बाईच्या अंगात ताकद नाही हा मुद्दा इथं टिकत नाही, पाइप हवा. पाइपवर उड्या मात्र मारायच्या नाहीत. बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या खेपेला तुटतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळायचे. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग चाक निखळल्याच्या बातम्या येतात.

जोड टायरांतला एक बसला तर चालवणाऱ्याला सीटवर कळत नाही. शेजारचा सगळं वजन घेतो, तापतो आणि फुटतो. म्हणून प्रत्येक अदलाबदलीला लाकडी दांडक्यानं टायर ठोकून आवाज ऐकावा, दोन टायरांमध्ये अडकलेला दगड काढावा. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. तापल्यावर जास्त दिसते म्हणून सोडून दिली की थंड झाल्यावर कमी भरते.

ब्रेकच्या एअर टाकीतलं पाणी रोज काढायचं. गेजवर हवा भरेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचतं म्हणून तर नाहीच. मुंबईच्या भाड्याला बोरघाट उतरताना ज्या गियरवर चढलो असतो त्याच गियरवर उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक चालू, पायाचा ब्रेक थोडा थोडा. जळका वास आला तर बाजूला घेऊन थांबायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

बीएस-६ गाडीला युरियाचं द्रावण लागतं, डिझेलच्या साधारण पाच टक्के. ते संपलं की इंजिनाची ताकद गाडी आपोआप कमी करते. वाटेत सुट्ट्या कॅनमधून स्वस्तात मिळणारं घेऊ नये. त्यात साधं पाणी मिसळलेलं असलं तर हजारोंचा भाग निकामी होतो.

आता जोडीचीच म्हणावी अशी एक अडचण. दोघांच्या उंचीत सहा-सात इंचांचा फरक असतो. सीट, स्टेअरिंग आणि आरसे प्रत्येक अदलाबदलीला बदलावे लागतात आणि घाईत आरसा राहून जातो. डाव्या आरशापर्यंत सीटवर बसून हात पोचत नाही. सीटच्या पट्टीवर आणि आरशाच्या दांडीवर दोन रंगांच्या पेन्टनं खुणा करून ठेवाव्यात. अदलाबदल रस्त्याच्या कडेला कधीच करायची नाही. पंपावर किंवा ढाब्यावर उभं राहून, दहा मिनिटं देऊन करायची : गाडीभोवती एक फेरी, टायर, ताडपत्रीचे दोर, फास्टॅगमध्ये पैसे किती, ई-वे बिल (माल नेण्याचा सरकारी ऑनलाइन कागद) कधी संपतं, पुढचा थांबा कुठं. हे उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला तोंडानं सांगायचं. ई-वे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि मुदत संपण्याच्या आधी-नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. झोपलेल्याला वाटतं दुसऱ्यानं वाढवली, आणि दोघंही अडकतात.

जेवणाचं आपल्या सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते, हात न लावता. केबिनमध्ये शेगडी पेटवायची नाही, बाहेर वाऱ्याचा आडोसा करून पेटवावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या मध्यम आणि जड मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे, तेव्हा जुनी गाडी घेताना किमतीत एसीचा फरक धरा. दुपारी तापलेल्या केबिनमध्ये झोप लागत नाही, आणि रात्र चालवणाऱ्याला दुपारचीच झोप घ्यायची असते. चोळामोळा होऊन झोपायची जागा नको, स्लीपर केबिनच हवी.

विमा : इथं बहुतेक जोड्या उघड्या पडतात

गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. तो आरसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडं चालू लायसन्स आहे त्यालाच लागू होतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि अपघाताच्या वेळी स्टेअरिंगवर बायको, तर त्या १५ लाखांतलं तिला काही नाही. “मग दोघांची पार्टनरशिप फर्म करू, गाडी फर्मच्या नावावर” असा सल्ला काही जण देतात. तो उलटा पडतो, कारण फर्मच्या नावावरच्या गाडीला मालक-चालक विमा मिळतच नाही. मग नवराही बाहेर.

उपाय तीन आहेत, तिन्ही करावेत. गाडी एकाच्या नावावर ठेवावी. दुसऱ्याला पगारी ड्रायव्हर म्हणून पॉलिसीत नोंदवावं. प्रीमियम किरकोळ असतो, पण पगार खरोखर बँकेतून गेलेला दिसला पाहिजे. आणि त्याच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी, त्यात व्यवसाय “जड वाहन चालक” असाच लिहावा. “गृहिणी” लिहिलं तर हप्ता कमी बसतो आणि दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना दोघांनीही बँकेत चालू ठेवावी, दोन लाखांचं तरी कवच राहतं.

अपघात झाला आणि बायको चालवत होती, तर “साहेब, मीच चालवत होतो” असं नवऱ्यानं सांगायचं नाही आणि तुम्ही तसं सांगायला लावायचं नाही. टोलवरचे कॅमेरे, फोनची जागा, जखमा कुठं आहेत, यातून ते उघडं पडतं, आणि मग दुरुस्तीचा दावाही जातो.

तुमच्याकडं पगारावर जोडी असेल तर दोघांचे पगार दोन खात्यांत टाका. भत्ता दोघांचा द्या. बिल्टीवर ड्रायव्हर म्हणून दोन नावं, दोन लायसन्स नंबर, दोन मोबाइल नंबर लिहा. यानं उपकार होत नाहीत, पुरावा तयार होतो : गाडीवर दोन ड्रायव्हर होते, दोघं पात्र होते, तास वाटून चालवत होते. विमा कंपनी, पोलीस आणि माल देणारा, तिघांनाही लागणारा कागद हाच.

गेटवर आणि गोदामात

कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना दोन-तीन गोष्टी. बऱ्याच गेटवर “ड्रायव्हर आत, बाकीचे बाहेर” असा नियम असतो. क्लीनरसाठी तो ठीक असेल. बायको ड्रायव्हर म्हणून नोंदलेली असेल तर तिचाही पास करा, नाहीतर ती रात्री दोन वाजता गेटबाहेर हायवेच्या कडेला उभी राहते. हेल्मेट आणि सेफ्टी बूट सक्तीचे करता, तर चार-पाच नंबरचे बूटही ठेवा. लोडिंगच्या जागेजवळ नीट बंद होणारं, पाणी असलेलं एक शौचालय बायकांसाठी ठेवा. चावी वॉचमनकडं न ठेवता आतून कडी लावा. नाहीतर बाई दिवसभर पाणीच पीत नाही. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, डोकं दुखतं आणि लक्ष उडतं, म्हणजे शेवटी तुमच्याच मालाचा प्रश्न. वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून, हुज्जत घालायची तर ती ज्याच्या हातात बिल्टी आहे त्याच्याशी घाला, “मिस्टरांना बोलवा” म्हणू नका. मिस्टर आठ तास चालवून झोपलेले असतात.

परिवहन कार्यालयाकडं मागणी एकच. हेवीच्या चाचणीला जोडप्याला एकाच दिवसाची वेळ मिळेल अशी सोय असावी. दोघांनी दोन वेगळ्या दिवशी गावाहून यायचं म्हणजे करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या माणसाचे दोन रोज जातात, आणि भाड्यानं आणलेल्या चाचणीच्या गाडीचं भाडंही दोनदा पडतं.

सुरुवात करायची तर कांद्याची आवक वाढण्याआधी करा. दिवाळीपूर्वीच्या चादरी-टॉवेलच्या ऑर्डरींवर एक-दोन जोड्या लावून बघा, हैदराबादच्या लाईनवर, परतीच्या भाड्यासकट. जानेवारीत मार्केट यार्डात गाड्या कमी पडायला लागल्यावर जोडी शोधत येऊ नका, तेव्हा आम्ही नाहीच म्हणणार.

आपले,
सोलापुरातले काही ड्रायव्हिंग शिक्षक, मिस्त्री आणि ट्रान्सपोर्टचे हिशेबनीस